माझा डावा डोळा रंगवणारा

माझा डावा डोळा माझ्या भावाने केलेला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक अर्धं बोलणं होईपर्यंत चुळबुळत राहतात आणि मग हळूच विचारतात, "मनाला लावून घेऊ नका हं, पण..." लावून कशाला घ्यायचं? लहानपणी मोठ्या आजारात डोळा गेला, त्याला जमाना झाला. कपडे अल्टर करून द्यायचं माझं छोटं दुकान आहे. बाही आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा. कंबर सैल करायचीच कामं जास्त, ते सोडा. तिथेही गिऱ्हाइकं विचारतात, एका डोळ्याने सुईत दोरा कसा ओवता हो? मी म्हणते, तुम्ही कसा ओवता? एक मिटूनच ना? माझी तेवढी मेहनत वाचते.

पण मला माझ्याबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचंय माझ्या धाकट्या भावाबद्दल. घरात त्याला सगळे ठिपक्या म्हणतात. लहानपणी इतर मुलं घर काढायची, डोंगर काढायची. हा नुसते ठिपके काढायचा. एका ठिपक्याशेजारी दुसरा, रंगाने जरासा फिका, त्याच्याशेजारी आणखी फिका. आई म्हणायची, या कार्ट्याच्या डोक्यात काय आहे देव जाणे.

मला पहिला डोळा बसवला तो तयार डोळ्यांच्या डब्यातून निवडलेला होता. माझा उजवा डोळा तपकिरी आणि हा आपला राखाडी. मुलं काय बोलायची ते सांगत बसत नाही. एक दिवस सकाळी मी तोंड धूत होते, डोळा वाटीत पाण्यात ठेवला होता. ठिपक्याने तो उचलला आणि मावशीच्या नखांच्या रंगाने रंगवून ठेवला. आईने त्याला असा बदडला की बस. मी मात्र पोट धरून हसत होते. पण खरं सांगू? रंग जवळजवळ बरोबर होता!

मोठा झाल्यावर त्याने हेच काम धरलं. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तिथे एक म्हातारे मास्तर डोळे बनवायचे. त्यांच्या हाताखाली हा शिकला. आता ते काम कसं असतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डोळ्याच्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून पांढरा भाग घडवायचा. बुबुळासाठी शर्टाच्या बटणाएवढी चकती असते, ती हाताने रंगवायची. माणसाला खिडकीशी, आपल्यासमोर बसवायचं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. त्याच्या चांगल्या डोळ्यात बघायचं आणि रंगवायचं. एका बुबुळात किती रंग असतात म्हणून सांगू! मध्येच चकतीवर पाण्याचा थेंब ठेवून बघायचं, कारण वरून पारदर्शक थर बसला की रंग बदलतो. पांढऱ्यावरच्या लाल शिरांसाठी रेशमाचा धागा उसवून केसापेक्षा बारीक करायचा आणि एकेक चिकटवायचा. मास्तरांचा नियम एकच होता. ब्रश एकदा टेकवायचा, की मान वर करून एकदा बघायचं. टेकव, बघ. टेकव, बघ. न बघता दोनदा टेकवला की फूटपट्टी बसलीच बोटांवर.

ठिपक्याला ती फूटपट्टी क्वचितच बसली. तो समोर बघायला लागला की समोरच्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. महिनोन्महिने तोंड झाकून घरात बसलेली माणसं त्याच्यासमोर बसायची आणि भडाभडा बोलायला लागायची. हा काही सल्ला वगैरे द्यायचा नाही, नुसता बघायचा. मास्तर गेल्यावर ती खोली त्याचीच झाली. काही वर्षांनी असा डोळा बदलावा लागतो, तसे माझे सगळे डोळे त्यानेच केले. माझ्या डोळ्याला तो जास्तच वेळ लावायचा. मी ओरडायचे, अरे दुकान बंद आहे माझं, आटप! तो म्हणायचा, गप बस गं ताई, सोनेरी ठिपका राहिलाय.

मग कॅमेरा आला. तिथल्या डॉक्टरबाईंनी आणला, आणि त्यांना मी अजिबात नावं ठेवणार नाही, बाई गुणाची आहे. चांगल्या डोळ्याचा फोटो काढायचा, तो चकतीवर छापायचा, वर थर द्यायचा, झाला डोळा. ज्यांना आधी महिने वाट बघावी लागायची त्यांना लगेच डोळा मिळायला लागला. वाईट काय आहे त्यात? वाईट झालं ते ठिपक्याचं. त्याला काम उरलं एवढंच, माणसाला बसवायचं, "हलू नका" म्हणायचं, बटण दाबायचं आणि मशीनचं होईपर्यंत वाट बघायची. वाट बघताना माणूस काय करतो? फोन काढतो. तिथेच सगळी माशी शिंकली.

कोणी गाजराचं फूल करतंय, कोणाचा कुत्रा जिन्यावरून घसरतोय, कोणी उगाच ओरडतंय. बोटाने वर ढकल, पुढचं. ढकल, पुढचं. मी विचारायचे, "काय बघतोस एवढं?" तो म्हणायचा, "काही नाही." आणि ते खरंच होतं हो, काहीच नव्हतं त्यात! जेवताना फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवलेला. बाथरूममध्ये फोन. भावजय माझ्या दुकानात येऊन रडली. "ताई, मी केस कापून आले, पार खांद्यापर्यंत. आठवडा झाला. यांना अजून कळलं नाही." मी म्हटलं, बाई, टक्कल करून बघ. ती हसली नाही. मलाही हसू आलं नव्हतं.

अशात माझा डोळा बदलायची वेळ आली. जुना ओरखडून गेला होता आणि सैलही झाला होता. मी उजवीकडे बघितलं की डावा जरा मागाहून यायचा, बोलावल्यासारखा. मी ठिपक्याच्या खोलीत गेले. त्याने सवयीने कॅमेऱ्याची खुर्ची पुढे ओढली. मी म्हटलं, "मशीनचा नको. तू रंगव."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, तो पण छान होतो."

"होत असेल. मला तुझ्या हातचा हवाय."

त्याने ब्रश शोधला, चकती घेतली, मला खिडकीशी बसवलं. एकदा टेकवला, वर बघितलं. फोन थरथरला, हात तिकडे गेला. मी फोन बंद करायला लावला. तरी हात जायचाच! नुसता खिसा चाचपून परत यायचा. चकतीवर चिखल झाला. पुसली, पुन्हा चिखल. शेवटी त्याने ब्रश ठेवून दिला आणि टेबलावर डोकं टेकलं.

"लक्षच राहत नाही गं," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघायला लागतो आणि तुझ्या डोळ्यापर्यंत पोचायच्या आत परत येतो."

"येईल हळूहळू."

"आणि नाही आलं तर? मला फक्त हीच एक गोष्ट येत होती, ताई. तीच माझ्यातून गेली असेल तर मग मी कशाला आहे?"

बाहेरच्या लोकांसाठी मी जिभेची फार तिखट आहे, पण याच्यापुढे माझं काही चालत नाही. म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, हा डोळा हाच रंगवणार. माझ्या डोळ्याचं सोडा. याला कळायला हवं की ते अजून आहे त्याच्यात.

मग आम्ही दोघी बायकांनी कारस्थान केलं. त्याने रजा टाकली. फोन भावजयीने कपाटात कुलूप लावून ठेवला आणि याला माझ्याकडे राहायला पाठवलं. मी टीव्हीवर चादर टाकली, माझा फोन दुकानातच ठेवायला लागले. वाटलं, चार दिवस त्रास होईल, मग येईल गाडी रुळावर. कसलं काय! नाकी नऊ आणले त्याने माझ्या. बसल्या बसल्या त्याचा अंगठा चादरीवर वर ढकलत असायचा. साबणाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून काढलं, मग पावडरच्या डब्यावरचं. समोरच्या लॉन्ड्रीत काचेमागे कपडे गरागरा फिरतात, तर खिडकीत उभा राहून तेच बघत बसायचा. मी पडदा ओढला तर अंगावर आला.

"तू जेलर आहेस!"

"जेलर कैद्याचे मोजे धूत नाही," मी म्हटलं. "आण ते इकडे."

एकदा मी भाजी चिरत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, म्हणाला, "डोकं रिकामं झालं की त्यात काहीतरी सुचायला लागतं असं म्हणतात ना? माझं नुसतंच रिकामं झालंय." मी त्याला मटार सोलायला बसवलं. त्याने ते अर्ध्यात सोडले.

मग हळूहळू जरा फरक पडला. म्हणजे मला तसं वाटलं. दुकानात माझा बटणांचा मोठा डबा आहे, वर्षानुवर्षं जुन्या कपड्यांची काढून टाकलेली बटणं. तो एका दुपारी त्यात हात घालून बसला. तपकिरी बटणं वेगळी काढली आणि फिक्यापासून गडदपर्यंत काउंटरवर ओळीने मांडली. सगळी दुपार! गिऱ्हाईक आलं तर म्हणे, थांबा, हात लावू नका. मी मागे जाऊन भावजयीला फोन केला. म्हटलं, अगं, ठिपके काढतोय तो! ती पलीकडे नुसती नाक ओढत होती.

घरात खिडकीशी टेबल लावलं. रंग, चकत्या, पाण्याची वाटी सगळं आणलं. सुरुवातीला तेच. थोडं बसायचा, उठायचा, पाणी प्यायचा, पुन्हा बसायचा. माझ्याकडे बघितलं न बघितलं की नजर खिडकीबाहेर. मी ओठ दाबून बसायचे. आणि मग एक दिवस तो बसला तो उठलाच नाही. मान खाली, तोंड थोडंसं उघडं, लहानपणी असायचं अगदी तसं. ब्रश चालतोय, चालतोय. मला म्हणाला होता, हलू नको, समोर बघ. मी बापडी समोर भिंतीकडे बघत बसले. पायाला मुंग्या आल्या. खालून कोणीतरी हाका मारल्या, मी हूं की चूं केलं नाही. अहो, या कानाचं त्या कानाला कळू न देता मी आनंदाने रडत होते. माझा भाऊ परत आला होता ना!

त्याने ब्रश ठेवला तेव्हा त्याचा चेहरा ताप उतरलेल्या पोरासारखा दिसत होता. "झाला," म्हणाला. "ताई, मला वेळच कळला नाही गं. कित्ती वर्षांनी!" मी चहा टाकला. त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि दुकानात येऊन माझ्या फोनवरून भावजयीला स्वतःहून फोन केला.

वरचा थर चढवायला आणि घासून चकाकी आणायला ती चकती त्याच्या खोलीतच न्यावी लागते. ते सगळं झाल्यावर मी गेले. डॉक्टरबाईही मुद्दाम आल्या होत्या, त्यांनाही कौतुक होतं. मी डोळा बसवला. अगदी नीट बसला, जरासुद्धा टोचला नाही.

"वा!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "काय सुरेख डोळा!" आणि मग माझ्या एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात बघायला लागल्या.

मी आरशात बघितलं. डोळा खरंच सुरेख होता. चकचकीत तपकिरी, आत सोनेरी ठिपका, पांढरा भाग कसा स्वच्छ, निळसर झाक मारणारा. आणि शेजारी माझा उजवा डोळा. विटलेला तपकिरी. बुबुळाभोवती वयाने येतं ते राखाडी कडं. पांढऱ्याचा पिवळट झालेला, कोपऱ्यात शिरांचं जाळं. एकाच तोंडात एक म्हातारी बाई होती आणि एक कॉलेजातली मुलगी होती. मी रोज आरसा बघते, तरी माझा डोळा एवढा म्हातारा झालाय हे मलाही तोपर्यंत असं शेजारी शेजारी दिसलं नव्हतं.

ठिपक्या मागून आरशात बघत होता. त्याने मला खांद्याला धरून खिडकीकडे वळवलं, हनुवटी धरून मान वर केली.

"ताई, हे कडं कधी आलं?"

"कसलं कडं?"

"बुबुळाभोवती. राखाडी."

"आलं असेल रे. वय झालं माझं."

"पण मी तुझ्या समोर बसलो होतो. इतके दिवस."

डॉक्टरबाई समजुतीने म्हणाल्या, "वयाप्रमाणे येतंच ते. एका दिवसात नाही येत, बरीच वर्षं लागतात." त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं, पण ते ऐकून तो मटकन खालीच बसला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी त्याने मान वर केलीच नव्हती. मी भिंतीकडे बघत होते आणि तो चकतीकडे. टेकव, टेकव, टेकव. एकदाही बघ नाही. माझा उजवा डोळा पूर्वी जसा होता, त्याला पाठ असलेला, तसा त्याने डोक्यातून काढून रंगवला. नवशिक्याकडून ही चूक झालीच नसती हो, त्याला पाठच नसतो कोणाचा डोळा.

"मला वाटलं मी परत आलो," तो म्हणाला. "मी फोनमधून उठून दुसरीकडेच जाऊन बसलो होतो. तुझ्यासमोर नव्हतोच मी."

"मी हाच घालणार," मी म्हटलं. "अर्धी तर अर्धी, तरुण दिसेन. फुकटात कोण सोडतंय?"

"नको, ताई. लोक हसतील तुला."

तो हट्टाने पुन्हा बसला. नवी चकती घेतली. मी म्हटलं, घाई नाही मला, तू बघ, मी आहे. टेकवला, वर बघितलं. त्या कड्याशी नजर आली की त्याचे डोळे भरून यायचे आणि काही दिसायचं नाही. पुसायचे, पुन्हा टेकवायचा. भरून आले नाहीत तर नजर सुटायची, माझ्या कानामागे, खिडकीकडे, कुठेही. मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, म्हटलं, इकडे बघ, राजा, इथे! त्याने बघितलं. मला दिसत होतं की तो सगळा जोर लावून बघतोय. आणि मला हेही दिसत होतं की आतून कोणीतरी त्याला मागे ओढतंय, आणि मी बाहेर उभी आहे, माझा हात तिथे पोचत नाही. असले दिवस कितीतरी गेले. जुना डोळा घालता येत नव्हता, खोबणी सुजायला लागली. डॉक्टरबाईंनी निक्षून सांगितलं की आता थांबता येणार नाही.

मग मी कॅमेऱ्याच्या खुर्चीत बसले. "हलू नका," ठिपक्या म्हणाला. बहिणीला अहोजाहो! सवयच ती. बटण त्यानेच दाबलं. त्या मशीनला सगळं दिसलं. कडं दिसलं, पिवळटपणा दिसला, विटका रंग दिसला. डोळा इतका हुबेहूब झाला की दुकानात खोटा कोणता ते कोणी ओळखत नाही.

फोन त्याने परत मागितला नाही. भावजयीनेच आणून दिला. म्हणाली, "ताई, रिकाम्या हातांनी भिंतीकडे तोंड करून बसतात हो. मला बघवत नाही." मी तिला काय दोष देणार? मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

आता तो सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येतो. फोन दाराबाहेर बुटात ठेवून येतो, तेवढी जिद्द आहे अजून. मला खिडकीशी बसवतो आणि समोर खुर्ची ओढून नुसता बघायचा सराव करतो. ब्रश नाही, रंग नाही. म्हणतो, आधी बघणं जमू दे.

परवा तो असाच बसला होता आणि बोलत होता. म्हणत होता, जमतंय गं आता, पुढच्या वेळी मीच रंगवणार, डॉक्टरबाईंना सांगणारही आहे. बऱ्याच दिवसांनी असा भरभरून बोलत होता. आता माझ्याशी बोलताना कोणत्या डोळ्यात बघायचं याचा सगळ्यांचाच गोंधळ होतो. नवी माणसं या डोळ्यातून त्या डोळ्यात हेलपाटे घालतात. डॉक्टरबाई चुकतात. आईसुद्धा कधी घाईत असली की चुकायची. जन्मात कधी चुकला नाही तो एकटा ठिपक्या.

तो माझ्या डाव्या डोळ्यात बघत होता. अगदी टक लावून, पापणी न हलवता, मायेने. मी मान जराशी वळवली, उजवा डोळा त्याच्यासमोर आणला. त्याची नजर वळली ती डाव्याबरोबरच.

"दिसतंय, ताई," तो म्हणाला. "कडं दिसतंय, शिरा दिसतायत. आता सगळं दिसतंय मला."

माझा उजवा डोळा भरून वाहायला लागला होता. तोही त्याला दिसला नाही.

"बघ रे," मी म्हटलं, "निवांत बघ."